गोतावळा अखंड राहील का? 1907 सालचं एक भक्तिगीत व्हिडिओ गेममध्ये कसं पोचलं

2013 चा मे महिना, पंखा पाचवर, आणि माझा धाकटा भाऊ कॉम्प्युटरसमोर 'बायोशॉक इन्फिनिट' नावाचा गेम खेळत बसलेला. मी बाजूच्या खोलीत आंब्याच्या फोडी करत होते आणि दोन तास नुसता गोळ्यांचा धाडधाड आवाज ऐकून डोकं उठलं होतं. मग एकदम तो आवाज बंद झाला आणि गिटार वाजायला लागली. अगदी साधी, कुणी घरात पलंगावर बसून वाजवावी तशी. आणि त्यावर एक मुलगी गायला लागली. मी हातातली सुरी तशीच घेऊन त्याच्या दारात जाऊन उभी राहिले. स्क्रीनवर एका पडक्या गुत्त्याचं तळघर, एक माणूस खुर्चीत बसून गिटार वाजवतोय, ती मुलगी गाता गाता एक फळ उचलते आणि जिन्याखाली घाबरून लपलेल्या एका पोराला देते. बस एवढंच. मिनिटभराचा प्रसंग असेल. भावाने तो संपल्यावर आधीचा सेव्ह उघडला आणि परत लावला, आणि आम्ही दोघांनी परत ऐकलं.

गाणं होतं 'विल द सर्कल बी अनब्रोकन'. तेव्हापासून मी ह्या गाण्याच्या मागे आहे, मिळेल तिथून ऐकत आणि वाचत. बरेच जण विचारतात की जुनं चर्चमधलं गाणं गेममध्ये आलं तर त्यात एवढं काय, तर त्यात काय काय आहे ते आज नीट सांगते, कारण ह्यात धर्म आहे, इतिहास आहे, कॉपीराइटचा कायदा आहे आणि एका शब्दाने गाण्याचा अर्थ कसा फिरतो तेही आहे.

हे गाणं गॉस्पेल ह्या प्रकारातलं, म्हणून आधी गॉस्पेल म्हणजे काय ते. मूळ शब्दाचा अर्थ शुभवर्तमान, आपल्याकडचे ख्रिस्ती लोक सुवार्ता म्हणतात तीच. पण 'गॉस्पेल गाणं' म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर येतात ते झगे घालून टाळ्या वाजवत गाणारे कृष्णवर्णीय कॉयर, आणि ते बरोबरच आहे, पण ती परंपरा आज ज्या रूपात आपण ओळखतो ते रूप 1930 च्या आसपास शिकागोत थॉमस डॉर्सी वगैरे लोकांनी घडवलं. त्याच्या आधीपासून, 1870 च्या दशकापासून, अजून एक प्रकार चालत आलेला होता. तेव्हा मूडी नावाचे एक प्रचारक अमेरिका-इंग्लंडमध्ये मोठमोठ्या सभा घ्यायचे आणि त्यांच्याबरोबर सँकी नावाचे गायक असायचे. हजारो लोक जमायचे. त्यांना जुन्या चर्चमधली जड, लांबलचक स्तोत्रं कुठून पाठ असणार? म्हणून सोपी गाणी लिहायला लागले. सोपी चाल, रोजचे शब्द, आणि मुख्य म्हणजे ध्रुवपद. कडवं एकाने म्हणायचं आणि ध्रुवपद सगळ्यांनी उचलायचं. आपल्याकडे भजनात बुवा पुढे म्हणतात आणि टाळकरी मागे धरतात ना, काम तेच. ज्याला वाचता येत नाही तोही दुसऱ्यांदा ध्रुवपद आलं की आत शिरतो. आपलं गाणं ह्याच जातीतलं आहे.

आता लिहिलं कुणी? गाणं इतकं अमेरिकन वाटतं, डोंगर, बँजो, लाकडी घरं, की ते लंडनच्या एका बाईने लिहिलंय हे कळल्यावर मला खरंच वाटलं नव्हतं. तिचं नाव एडा हॅबरशॉन. जन्म लंडनचा, 1861 चा, वडील डॉक्टर. मूडी आणि सँकी लंडनला आले तेव्हा तिची त्यांच्याशी ओळख झाली, आणि पुढे 1905 मध्ये टोरी आणि अलेक्झांडर ह्या तशाच प्रचारक-गायक जोडीच्या सभा लंडनमध्ये भरल्या तेव्हा अलेक्झांडर यांनी तिला गाणी लिहायला सांगितलं. एका वर्षात तिने 200 गाणी दिली! ('आपल्या' रेव्हरंड ना. वा. टिळकांचा जन्मही 1861 चाच, आणि तेही त्याच काळात मराठी ख्रिस्ती मंडळींसाठी गीतं लिहीत होते, ओवी-अभंगाच्या वळणाने. दोघांची कधी भेट झाली असं काही नाही, पण एकाच वर्षी जन्मलेली दोन माणसं, एक लंडनमध्ये आणि एक महाराष्ट्रात, आपापल्या लोकांना गाता येईल असं काहीतरी रचत होती हे मला फार आवडतं.) चाल लावली चार्ल्स गॅब्रिएल यांनी, हे मूळचे अमेरिकेतल्या आयोवाचे, आणि ह्यांच्या नावावर हजारो गाणी आहेत. 1907 साली हे गाणं आलं.

'सर्कल' म्हणजे वर्तुळ असं भाषांतर केलं की गाणं मेलंच समजा. हे वर्तुळ म्हणजे शेकोटीभोवती, जेवणाच्या टेबलाभोवती बसलेलं घर. मराठीत त्याला नेमका शब्द आहे, गोतावळा. तो अखंड राहील का, एवढाच गाण्याचा प्रश्न. हॅबरशॉनबाईंच्या कडव्यांचा भावार्थ सांगायचा तर, तुझी प्रेमाची माणसं वर वैभवात गेली आहेत, त्यांचे चेहरे तुला आठवतात, तुझी इथली कहाणी संपली की तू त्यांच्यात जाशील का? मग शेकोटीभोवतीच्या त्या जुन्या बैठकी आठव. एकामागून एक त्यांच्या जागा रिकाम्या झाल्या, एकामागून एक ते निघून गेले, आता घर विखुरलंय, ते एक दिवस पुरं होईल का?

"एकामागून एक जागा रिकाम्या झाल्या." ही ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आमच्या गावच्या घरातली पंगत आठवली. लहानपणी सुट्टीत आम्ही सतरा-अठरा जण बसायचो, पाट कमी पडायचे म्हणून मुलांना घोंगडी, आणि आता गणपतीत गेलो तरी पाच जण असतो आणि पाट माळ्यावर आहेत. माणूस गेल्यावर त्याचा फोटो दिसतो त्याचं तितकं काही वाटत नाही, त्याच्या बसण्याच्या जागेवर दुसरं कुणीतरी सहज बसतं तेव्हा पोटात कसंतरी होतं. त्या बाईंनी बरोबर तीच जागा पकडली होती.

ध्रुवपद बघा. त्यात दोन ओळी आहेत आणि दोन्ही प्रश्न आहेत. पहिला प्रश्न, गोतावळा अखंड राहील का, पुढे कधीतरी? आणि दुसरा, आकाशात ह्याहून चांगलं घर वाट बघतंय का? हा दुसरा प्रश्न नीट लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावरच सगळं आहे.

तसं हे गाणं सुरुवातीला सभेतलं गाणं होतं, आणि खरं सांगायचं तर मध्यावर ते थोडं उपदेशाला लागतं. लहानपणी शिकवलेली स्वर्गाची गाणी तुला आवडतात की आता पृथ्वीवरची गाणी जवळची झाली, असं काहीतरी विचारतं. मला ते कडवं नाही आवडत. माणूस रडत असताना त्याला परीक्षेचा पेपर दिल्यासारखं वाटतं. नुसतं तेवढंच राहिलं असतं तर हे गाणं बाकीच्या हजारो गाण्यांसारखं जुन्या पुस्तकांत पडून राहिलं असतं.

मग आले कार्टर. व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागातलं एक कुटुंब, ए. पी. कार्टर, त्यांची बायको सॅरा, आणि सॅराची चुलतबहीण मेबेल, जी ए. पीं.च्या भावाची बायको पण. 1927 मध्ये ब्रिस्टल नावाच्या गावात रेकॉर्ड कंपनीचे राल्फ पीअर लोकगायक शोधत आले आणि ह्या तिघांनी तिथे जाऊन गायलं, आणि अमेरिकेतल्या कंट्री संगीताची खरी सुरुवात तिथून धरतात. ए. पी. हे विचित्र आणि थोर गृहस्थ होते, गावोगाव फिरून लोकांकडून जुनी गाणी गोळा करायचे. त्यांच्याबरोबर बऱ्याचदा लेस्ली रिडल नावाचा कृष्णवर्णीय गिटारवादक असायचा. ए. पी. शब्द लिहून घ्यायचे आणि रिडल चाल डोक्यात ठेवायचा, आणि घरी आल्यावर ती सॅरा-मेबेलला शिकवायचा. त्या काळात, त्या भागात, गोरा आणि काळा माणूस असे बरोबर हिंडत होते ही साधी गोष्ट नाही. कार्टरांच्या गाण्यात काळ्या चर्चचा रंग दिसतो तो असा आला, आणि रिडलचं नाव मात्र कित्येक वर्षं कुणाला माहीत नव्हतं.

1935 साली कार्टरांनी हे गाणं रेकॉर्ड केलं, आणि ते करताना गाणं जवळजवळ नवीनच केलं. उपदेश काढून टाकला. त्याच्या जागी एक प्रसंग आणला. थंडीचा ढगाळ दिवस, गाणारा खिडकीशी उभा आहे आणि आईला न्यायला गाडी येताना दिसते. तो गाडीवाल्याला म्हणतो, हळू चालव बाबा, आत माझी आई आहे. मग परत घरी येतो तर घर ओकंबोकं, भावंडं रडतायत. संपलं. आता हे ऐकताना ख्रिस्ती असायची गरज नाही, ज्याची आई गेली आहे त्याला हे कळतं. 'तुझी प्रेमाची माणसं' असं मोघम म्हणण्यापेक्षा खिडकी, गाडी आणि 'हळू चालव' हे किती पटकन आत जातं बघा.

पण त्यांनी ध्रुवपदात दोन बारीक बदल केले. एक म्हणजे 'विल' चं 'कॅन' केलं, त्यांच्या रेकॉर्डचं नावच 'कॅन द सर्कल बी अनब्रोकन' आहे. राहील का च्या जागी राहू शकेल का. मूळच्या प्रश्नात एक आशा आहे, ह्यात 'हे शक्य तरी आहे का' असा सूर येतो, आत्ताच स्मशानातून आलेल्या माणसाचा. आणि दुसरा बदल उलट दिशेने. मूळ ओळ होती 'चांगलं घर वाट बघतंय का?', कार्टरांच्यात ती झाली 'चांगलं घर वाट बघतंय.' प्रश्नचिन्ह गेलं. म्हणजे पहिल्या ओळीत शंका वाढली आणि दुसऱ्या ओळीत खात्री आली, देवा, वर घर आहे, नक्की आहे. दुःखात माणूस असाच बोलतो ना, एका श्वासात 'आता कसं होणार' आणि दुसऱ्या श्वासात 'होईल सगळं नीट'.

मेबेलच्या गिटारबद्दल एक मिनिट. त्या काळात गिटार बहुतेक नुसती ठेका धरायला असायची. मेबेल अंगठ्याने खालच्या सुराच्या जाड तारांवर गाण्याची चालच वाजवायची आणि त्याच वेळी बोटांनी बारीक तारांवर ठेका झाडायची, म्हणजे एका गिटारीत दोन माणसं वाजवतायत असं वाटतं. ह्याला 'कार्टर स्क्रॅच' म्हणतात. शिवाय ह्या रूपात गाणं तीन कॉर्डवर बसतं, त्यामुळे आठवडाभर गिटार शिकलेलं पोरगंही ते वाजवू शकतं. गाणं पसरण्यात ह्या तीन कॉर्डचा वाटा फार मोठा आहे असं माझं मत आहे, अवघड असतं तर ते फक्त उस्तादांकडे राहिलं असतं.

तिकडे काळ्या घरांतही हे गाणं होतंच. मिसिसिपीच्या शेतांवरून शिकागोला आलेले पॉप्स स्टेपल्स यांनी आपल्या मुलांना दिवाणखान्यात बसवून जे पहिलं गाणं शिकवलं ते हेच असं सांगतात, आणि ती मुलं पुढे स्टेपल सिंगर्स म्हणून गाजली, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या चळवळीत गायली. तेव्हा हे गाणं गोऱ्यांचं की काळ्यांचं, ह्या प्रश्नाला उत्तर नाहीये. लंडनच्या बाईचे शब्द, आयोवाच्या माणसाची चाल, डोंगरातल्या गोऱ्या कुटुंबाने काळ्या मित्राच्या संगतीत बदललेलं आणि शिकागोतल्या काळ्या घरात बाप-लेकींनी गायलेलं.

1971 च्या ऑगस्टमध्ये अजून एक वळण आलं. निटी ग्रिटी डर्ट बँड नावाचा कॅलिफोर्नियाच्या लांब केसवाल्या पोरांचा ग्रुप नॅशव्हिलला गेला आणि जुन्या पिढीतल्या कलाकारांना म्हणाला की आमच्याबरोबर गा. व्हिएतनामचा काळ, लांब केस बघितले की म्हातारी माणसं तोंड फिरवायची तो काळ. बिल मनरो नाहीच म्हणाले. रॉय एकफ आधी साशंक होते, पण आले. डॉक वॉटसन आले, अर्ल स्क्रग्ज आले, आणि मेबेल कार्टर आल्या, आता साठीच्या पुढच्या. डॉक वॉटसन यांनी मर्ल ट्रॅव्हिस ह्या गिटारवादकावरून आपल्या मुलाचं नाव मर्ल ठेवलं होतं, पण दोघांची भेट कधी झाली नव्हती, ती त्या स्टुडिओत झाली आणि टेप चालू होती म्हणून ते बोलणंही रेकॉर्डवर आहे, नक्की ऐका. सहा दिवसांत सगळं रेकॉर्ड झालं आणि 1972 मध्ये तीन रेकॉर्डचा संच निघाला. त्याचं नाव हेच गाणं, फक्त 'कॅन' चं परत 'विल' झालं. शीर्षकगीताचं पहिलं कडवं मेबेल गातात आणि मग सगळे. तिथे 'सर्कल' चा अर्थ अजून रुंदावला, रक्ताचं घरच नाही तर संगीतातली पिढ्यांची साखळी, जुने आणि नवे एका खोलीत.

आता कायद्याचा भाग, कारण 'जुनं गाणं आहे, फुकट वापरा' असं अनेकांना वाटतं आणि तिथेच फसतात. एका गाण्यात हक्काचे थर असतात. पहिला थर शब्द आणि चाल. दुसरा, कुणी त्यात नवीन शब्द घातले किंवा नवीन बांधणी केली तर तेवढ्यापुरता त्याचा. तिसरा, प्रत्यक्ष रेकॉर्डिंगचा. आपल्याकडचं उदाहरण घ्या. तुकोबांचा अभंग कुणाच्या मालकीचा नाही, तुम्ही-आम्ही कुठेही म्हणू शकतो. पण खळेकाकांनी त्याला लावलेली चाल त्यांची, आणि लताबाईंनी गायलेली ती ध्वनिमुद्रिका रेकॉर्ड कंपनीची. तुम्ही व्हिडिओखाली ती ध्वनिमुद्रिका लावली आणि 'अभंग तर तुकारामांचा आहे' म्हणालात तर उपयोग नाही. भारतात शब्द आणि चाल रचणाऱ्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो, रेकॉर्डिंगवर ते प्रसिद्ध झाल्यापासून 60 वर्षं.

अमेरिकेत हिशोब वेगळा आहे. 2013 मध्ये गेम आला तेव्हा तिकडे 1923 च्या आधी छापलेलं सगळं मोकळं होतं, म्हणजे हॅबरशॉन-गॅब्रिएल यांचं 1907 चं गाणं सगळ्यांचं. पण कार्टरांचं 1935 चं रेकॉर्डिंग नाही, 2018 मध्ये झालेल्या कायद्याप्रमाणे ते 2035 संपेपर्यंत मोकळं होत नाही. म्हणजे एकाच गाण्याच्या दोन रूपांपैकी एक सार्वजनिक विहीर आणि दुसरी कुंपणातली. जुनी गॉस्पेल गाणी सिनेमात, मालिकांत, गेममध्ये सारखी का दिसतात ह्याचं अर्धं कारण हे आहे, विहीर मोकळी आहे, आपली बादली आणायची आणि आपलं रेकॉर्डिंग करायचं.

ह्यातच एक वाईट वाटणारी गोष्ट आहे. आपल्या संतांनी अभंगाच्या शेवटी 'तुका म्हणे', 'नामा म्हणे' अशी मुद्रा ठेवली, त्यामुळे शेकडो वर्षं तोंडोतोंडी फिरून, शब्द इकडचे तिकडे होऊनही नाव टिकलं. हॅबरशॉनबाईंच्या गाण्यात मुद्रा नव्हती. गाणं पुढे गेलं आणि बाई मागे राहिल्या. 1918 मध्ये त्या गेल्या, आणि पुढे कितीतरी रेकॉर्डवर रचनाकार म्हणून फक्त ए. पी. कार्टर असंच छापलेलं दिसतं. म्हणून मी कुणालाही हे गाणं पाठवताना खाली त्यांचं नाव लिहितेच.

आता परत गेमकडे. ज्यांना खेळायचाय त्यांनी इथे थांबा, कारण पुढे शेवट सांगणार आहे.

'बायोशॉक इन्फिनिट' ची गोष्ट घडते 1912 मध्ये, कोलंबिया नावाच्या शहरात, आणि हे शहर ढगांत तरंगतं. कॉम्स्टॉक नावाचा एक स्वयंघोषित प्रेषित ते चालवतो. बाहेरून स्वर्ग, फुलं, पताका, आतून कडवा वर्णद्वेष. बुकर डेविट नावाचा कर्जात बुडालेला माणूस तिथे एलिझाबेथ ह्या मुलीला आणायला येतो. गेम बनवणाऱ्यांनी एक गंमत केलीय, ह्या शहरात जागोजागी आपल्या काळातली पॉप गाणी जुन्या ढंगात ऐकू येतात, 1966 चं बीच बॉइजचं 'गॉड ओन्ली नोज' 1912 मध्ये चौघं जण उभ्या-उभ्या गातायत, कारण गोष्टीत काळाला फटी पडलेल्या आहेत आणि भविष्यातली गाणी त्यातून गळतायत. पण 'विल द सर्कल' तसं नाही. ते 1907 चं, म्हणजे 1912 मध्ये ते जुनं गाणंच नव्हतं! पाच वर्षांपूर्वीचं, त्या लोकांसाठी नवंकोरं. आणि म्हणूनच एलिझाबेथ कार्टरांची गाडी आणि खिडकी गात नाही, ती तर अजून तेवीस वर्षांनी येणार आहेत. ती गाते ते हॅबरशॉनबाईंचे शब्द, 'तुझी प्रेमाची माणसं वैभवात गेली', आणि ध्रुवपदात दुसरी ओळ परत प्रश्न झालीय. आकाशात ह्याहून चांगलं घर वाट बघतंय का? जे शहर खरोखर आकाशात आहे आणि स्वतःला स्वर्ग म्हणवतं, त्याच्या तळघरात बसून हा प्रश्न. कार्टरांची खात्री इथे चाललीच नसती, तिथे प्रश्नच हवा होता.

गेममध्ये हे गाणं दोनदा लक्षात राहतं. पहिल्यांदा सुरुवातीला, बुकर शहरात पोचतो तेव्हा, मेणबत्त्या, गुडघाभर पाणी, आणि अख्खा कॉयर गातोय, सुंदर, अंगावर काटा येईल इतकं सुंदर. आणि त्याच पाण्यात बाप्तिस्मा घेतल्याशिवाय त्याला आत सोडत नाहीत आणि बाप्तिस्मा देणारा त्याला जवळजवळ बुडवतोच. तिथे गाणं सत्तेच्या बाजूने आहे, त्याचं सौंदर्य भुलवण्यासाठी वापरलंय. दुसऱ्यांदा येतं ते त्या तळघरात, शँटीटाउनमध्ये, जिथे ह्या स्वर्गाचे मजूर, काळे आणि गरीब लोक राहतात. कॉयर नाही, एक गिटार आणि एक आवाज. आणि हा प्रसंग ऐच्छिक आहे, तुम्ही त्या गिटारीकडे गेलातच नाहीत तर तो घडतच नाही, गेम पुढे जायला त्याची काही गरज नाही. सिनेमात बऱ्याचदा गाणं वरून ओतलेलं असतं, पात्रांना ते ऐकू येत नाही, इथे पात्रं स्वतः वाजवतायत, गातायत, आणि खेळणाऱ्याने बटण दाबलं म्हणून. दोन तास ज्या हातांनी बंदूक धरली त्याच हातांनी गिटार. माझ्या भावाने माउस सोडून दिला होता तेव्हा, मागे रेलून बसला होता, ते मला अजून डोळ्यासमोर आहे.

आणि मग शेवटाला कळतं की ते दोघं कोण होते. एलिझाबेथ ही बुकरची स्वतःची मुलगी. तान्ही असताना कर्ज फेडायला त्याने तिला देऊन टाकलेलं, आणि तो प्रेषित कॉम्स्टॉक म्हणजे दुसऱ्या एका जगात बाप्तिस्मा घेऊन नाव बदललेला बुकरच. म्हणजे तळघरात बसून गोतावळा अखंड राहील का असं गाणारे ते दोघं बाप आणि लेक होते, आणि दोघांनाही ते माहीत नव्हतं. आम्हाला हे कळलं तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता, भाऊ काही बोलला नाही, मी पण नाही.

शेवटी त्या बाप्तिस्म्याच्या नदीत एलिझाबेथची अनेक रूपं बुकरला पाण्याखाली धरतात, म्हणजे कॉम्स्टॉक जन्मालाच येऊ नये, आणि मग ती रूपं एकामागून एक नाहीशी होत जातात. एकामागून एक जागा रिकाम्या झाल्या, ती ओळ इथे कुणी गात नाही, पण मला तीच ऐकू येते. त्यानंतर श्रेयनामावलीत एक छोटा व्हिडिओ येतो, बुकर आणि एलिझाबेथला आवाज देणारे ट्रॉय बेकर आणि कोर्टनी ड्रेपर स्टुडिओत बसून हे गाणं रेकॉर्ड करतायत, त्याच्या हातात गिटार, ती माइकसमोर. घरातले बहुतेक लोक श्रेयनामावली सुरू झाली की उठतात. आम्ही बसून राहिलो म्हणून पुढचं दिसलं. नावं संपतात आणि बुकर आपल्या खोलीत जागा होतो. बाजूच्या खोलीतून पाळण्याच्या खेळण्याची टिणटिण येते. तो दाराशी जातो, दार उघडतो, मुलीचं खरं नाव घेऊन हाक मारतो, ॲना, तूच का? आणि पाळण्यात कुणी आहे की नाही हे दिसायच्या आत स्क्रीन काळी होते.